अण्णांची सही

आमच्या तीर्थरूपांना घरीदारी सगळे अण्णा म्हणतात. २०१४ सालच्या जून महिन्यात त्यांचा बँकेतून पैसे काढण्याचा कागद परत आला. ‘सही जुळत नाही’ एवढाच शेरा त्यावर होता. बँकेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण चूक तिची नव्हती. अण्णांची सही आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो : इंग्रजी, किंचित तिरकी, खाली एक ठसठशीत रेघ. परत आलेल्या कागदावर मात्र उजवीकडून डावीकडे, उर्दू लिपीत, वळणदार अक्षरांत त्यांचे नाव होते. सत्तर वर्षांपूर्वी नांदेडकडच्या शाळेत मौलवीसाहेबांनी गिरवून घेतलेले ते अक्षर होते. घरात हशा पिकला. अण्णाही हसले. दुसरा कागद भरला, इंग्रजी सही झाली, पैसे मिळाले. त्यानंतर दीड-दोन वर्षे आलागेला पाहुणा आम्ही ही गंमत सांगून हसवीत होतो.

हैदराबादेतील जुन्या मराठी कुटुंबांना ही उर्दू अपरिचित नाही. निजामी अमलात शाळा आणि कचेरी या दोन्ही ठिकाणी तिचेच राज्य होते. अण्णांचा जन्म १९३५ चा. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. पुढे ते हैदराबादेस आले, महसूल खात्यात लागले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे तीन तुकडे होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा आमच्यासारखी अनेक घरे काचीगुडा, बडी चावडी, इसामिया बाजार या भागांत जशीच्या तशी राहून गेली. नव्या राज्यात अण्णांना तेलुगू शिकणे भाग पडले आणि ते ती नेटाने शिकले. घरात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत तेलुगू आणि वरिष्ठांपुढे इंग्रजी असा चार भाषांचा संसार त्यांनी १९९३ साली निवृत्त होईपर्यंत विनासायास केला. जुने उर्दू दप्तर वाचू शकणारा माणूस म्हणून खात्यात त्यांना मान होता. तो माणूस स्वतःची सही विसरेल, ही शंकाही आमच्या मनाला शिवली नाही.

शंका न येण्यास आमची भाषाही थोडी कारणीभूत झाली, असे आता वाटते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आम्ही वर्गात किती वेळा शिकविली असेल! ‘म्हातारचळ’ हा शब्द आहे, ‘दुसरे बालपण’ हा वाक्प्रचार आहे. म्हण तयार असली की माणूस कारण शोधावयास जात नाही. अण्णा एकच प्रश्न तासात पाच वेळा विचारू लागले, चष्मा पिठाच्या डब्यात सापडला, एकादशी होऊन गेल्यावर उपासाचे विचारू लागले. आम्ही प्रत्येक वेळी वयाकडे बोट दाखविले. २०१६ च्या मे महिन्यात ते आंबे आणण्यास म्हणून बाहेर पडले आणि पाच तास परतले नाहीत. मोअज्जम जाही मार्केटच्या कमानीखाली ते बसलेले सापडले. तेथला फळबाजार हलून आता कित्येक वर्षे झाली. अण्णा मात्र सन १९७० च्या सुमाराच्या त्या बाजारातून आंबे घ्यावयास गेले होते. एका वृद्ध रिक्षावाल्याने त्यांना पाणी पाजून, दखनीत गप्पा मारीत, सावलीत बसवून ठेवले होते म्हणून अनर्थ टळला. मग कोठे आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी अण्णांना घड्याळाचे चित्र काढावयास सांगितले. अण्णांनी वर्तुळ काढले आणि बाराही आकडे उजव्या अंगाला दाटीवाटीने लिहिले. रक्ताची तपासणी झाली, मेंदूचे चित्र काढले, थायरॉइड, जीवनसत्त्व बारा, उदासीनता, लहानसा पक्षाघात अशी जी कारणे असू शकतात आणि ज्यांतली काही औषधाने सुधारतात, ती एकेक करून बाजूला सारली. उरले ते नाव आम्ही वर्तमानपत्रांत वाचलेले होते : अल्झायमरचा रोग.

हे नाव एका डॉक्टरचे आहे. आलोइस अल्झायमर हे जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात वैद्य होते. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी तेथे आउगुस्ट देटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. बाईंना विस्मरण जडले होते, त्या वस्तू लपवून ठेवीत, नवऱ्यावर नाना संशय घेत. अल्झायमरांनी दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याशी झालेली प्रश्नोत्तरे टिपून ठेवली. जेवताना पानात फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते; काय खाता, असे विचारता बाई पालक म्हणाल्या. त्यांना नाव लिहावयास सांगितले, तेव्हा ‘श्रीमती’ एवढे लिहून त्या थांबल्या. पुढचे काय लिहावयाचे ते विसरल्या होत्या. एकेक शब्द सांगावा लागला. आपणच आपल्याला हरवलो आहोत, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या तोंडून वारंवार निघत. ती जुनी नस्ती १९९५ साली फ्रँकफुर्टच्याच रुग्णालयात पुन्हा सापडली आणि तिच्यात बाईंचे ते अर्धवट हस्ताक्षरही होते. हे वाचले त्या दिवशी आम्हांस अण्णांचा बँकेचा कागद आठवला, आणि त्यानंतर ती गंमत आम्ही कोणास सांगितली नाही.

आउगुस्टबाई ८ एप्रिल १९०६ रोजी वारल्या. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी बाईंचा मेंदू तेथे मागवून घेतला आणि चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर ठिकठिकाणी कसलीशी पुटे चढली होती आणि पेशींच्या आत धाग्यांची गुंतवळ झाली होती. आज आपण जाणतो की ती पुटे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची आणि गुंतवळ टाउ नावाच्या प्रथिनाची. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथे त्यांनी हे निष्कर्ष वैद्यांच्या सभेपुढे मांडले. सभेत कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन या थोर मनोवैद्याने आपल्या ग्रंथात या रोगास अल्झायमरांचे नाव दिले. अल्झायमर स्वतः १९१५ साली, एक्कावन्नाव्या वर्षीच, निवर्तले.

पण पुढली साठ वर्षे वैद्यकशास्त्रानेही ‘साठी बुद्धी नाठी’ हीच म्हण शिरोधार्य मानली, असे म्हणावे लागेल. पासष्टीच्या आत हा विकार झाला तर तो रोग, आणि नंतर झाला तर ते वार्धक्य, अशी वाटणी झाली होती. १९७६ साली अमेरिकेतील रॉबर्ट काट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात विचारले की दोघांच्या मेंदूत तीच पुटे आणि तीच गुंतवळ असेल, तर वयाची रेघ कोणी मारली? तेव्हापासून म्हाताऱ्या माणसांचा हा विकार रोग म्हणून गणला जाऊ लागला. म्हणजे अण्णांच्या आईला जे झाले असेल, त्यास त्या काळी कोणी नावच दिले नसते. आपल्या देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार साठीपुढील शंभरांत सात-साडेसात जणांना या ना त्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. एकंदर संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. अल्झायमर हा त्यांतील सर्वांत मोठा प्रकार. पुरुषांहून स्त्रियांत प्रमाण अधिक, आणि शहरांहून खेड्यांत.

आता आमच्या आवडीच्या विषयाकडे वळतो. भाषा शिकविण्यात आयुष्य गेले असल्याने या रोगावरील संशोधनात भाषेचा संबंध कोठे येतो, हे आम्ही अधाशीपणे वाचले. १९८६ साली डेव्हिड स्नोडन या अमेरिकन संशोधकाने नोत्र दाम शिक्षिका-भगिनींच्या मठांत एक अभ्यास सुरू केला. ६७८ वृद्ध जोगिणींनी दरवर्षी चाचण्या देण्याचे आणि मृत्यूनंतर मेंदू देण्याचे मान्य केले. यांतील बहुतेकजणी शिक्षिका. पुढे मठाच्या दप्तरात एक घबाड सापडले : विशीच्या उंबरठ्यावर दीक्षा घेताना प्रत्येकीने स्वतःविषयी लिहिलेला लहानसा निबंध. दर दहा शब्दांत किती स्वतंत्र कल्पना आहेत, हे संशोधकांनी मोजले. तारुण्यात ज्यांचे लेखन विचारांनी विरळ होते, त्यांच्यात साठ वर्षांनंतर हा रोग अधिक आढळला. बीज तेव्हाच पडले होते, की भरदार मनाला रोग उशिरा वाकवितो, हे यावरून ठरत नाही. परंतु वह्या तपासताना तेव्हापासून आमचा हात थोडा अडखळतो, हे कबूल केले पाहिजे. त्याच मठांतील सिस्टर मेरी चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत शिकवीत होत्या आणि एकशे एकाव्या वर्षी वारल्या. अखेरपर्यंत चाचण्यांत उत्तम गुण. मेंदू पाहिला तर तो पुटांनी आणि गुंतवळीने भरलेला! रोग होता आणि रोगी नव्हता. यालाच शास्त्रज्ञ मेंदूची राखीव ठेव म्हणतात. मात्र शिक्षकवर्गाने फुशारून जाऊ नये; आमचे दोन माजी मुख्याध्यापक याच रोगाने गेले.

दुसरे संशोधन आमच्याच गावचे. कॅनडातील टोरांटो येथे २००७ साली १८४ रुग्णांच्या नोंदींवरून असे दिसले होते की आयुष्यभर दोन भाषा वापरणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे चार वर्षे उशिरा दिसतात. त्यावर आक्षेप असा की तेथील द्वैभाषिक लोक बहुधा परदेशांतून आलेले. फरक भाषेचा की स्थलांतराचा, की शिक्षणाचा? हा गुंता सोडवावयास हैदराबादहून सोयीचे शहर कोठे मिळणार! येथे अक्षरशत्रू हमालही तेलुगू आणि दखनी सहज बोलतो आणि त्यासाठी त्यास कोठून येऊन वसावे लागत नाही. पंजागुट्ट्याच्या निजाम आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली, आणि ज्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते त्यांच्यातही हा फरक टिकला. एका भाषेतून दुसरीत जाताना मेंदूस सतत एक दार लावून दुसरे उघडावे लागते, त्या व्यायामाचा हा लाभ असावा, असा तर्क आहे. दोनांहून अधिक भाषांचा जादा लाभ मात्र दिसला नाही. त्या हिशेबाने अण्णांच्या दोन भाषा फुकटच गेल्या म्हणावयाच्या! येथे सावधपणे सांगितले पाहिजे की निरोगी माणसांना अनेक वर्षे पाहत राहणाऱ्या इतर काही अभ्यासांत हा लाभ आढळला नाही; वाद मिटलेला नाही. आणि उशीर म्हणजे सुटका नव्हे. अण्णांना रोग ऐंशीच्या आसपास दिसू लागला. चार भाषा नसत्या तर तो पंचाहत्तरीतच दिसला असता काय, हे कोणास ठाऊक.

रोग एकदा आला की भाषांचे काय होते, हे आम्ही घरात पाहिले. एकोणिसाव्या शतकातील रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने म्हटले होते की स्मृती जाते ती नव्याकडून जुन्याकडे. अलीकडचे आधी पुसले जाते, बालपणीचे शेवटी. भाषांच्या बाबतीत हा नियम काटेकोर नाही, पण अण्णांच्या बाबतीत तो बहुतांशी खरा ठरला. इंग्रजी गेली, मग तेलुगू. वर्षानुवर्षे जिच्यात टिपणे लिहिली ती तेलुगू दीड-दोन वर्षांत नाहीशी झाली. शेजारच्या रावगारूंशी ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसत. एके दिवशी आत येऊन म्हणाले, ‘ते गृहस्थ काय बोलतात ते कळत नाही.’ रावगारूंना आम्ही काय सांगणार? ते बिचारे पुढे मोडक्या दखनीत बोलू लागले. आमचे चिरंजीव इंग्रजी शाळेत शिकलेले, त्यांची मराठी कामापुरती. परंतु गल्लीत दखनी पक्की. घरात सर्वांत अधिक काळ अण्णांशी गप्पा रंगल्या त्या या नातवाच्या, आणि त्या दखनीतून.

२०१९ साली अण्णांच्या स्नानादिकांसाठी आम्ही एक बाई ठेवली. महबूबनगरकडची, स्वभावाने सालस, कामाला चोख, भाषा केवळ तेलुगू. पहिल्याच आठवड्यात अण्णांनी तिच्यावर तांब्या फेकला. कधी कोणास ‘अरे’ न म्हणणारा माणूस तिला पाहताच लाल होई, थरथरे. डॉक्टरांना सांगितले, त्यांनी झोपेची एक गोळी लिहून दिली. अण्णा दिवसभर पेंगू लागले, एकदा पडले. कारण सापडले ते आमच्या मातोश्रींना. तेलुगूत ज्येष्ठास आदराने ‘या’ म्हणण्याचा जो शब्द आहे, तो उर्दू-मराठी कानाला कसा लागतो, हे हैदराबादेतील वाचकांना उलगडून सांगावयास नको. अण्णांची तेलुगू गेली होती, उर्दू शिल्लक होती. ती बाई रोज सकाळी हात जोडून, अदबीने, त्यांना तो शब्द म्हणत होती! ‘अरे, त्यांना ती शिवी ऐकू येतेय,’ मातोश्री म्हणाल्या. त्या रात्री आम्ही एका पुठ्ठ्यावर तेलुगू लिपीत सहा मराठी शब्द लिहून दिले : या, बसा, पाणी, हात, झालं, शाब्बास. शेवटचा शब्द मास्तरकीच्या सवयीने घातला, पण तोच सर्वांत उपयोगी पडला. तांब्या पुन्हा उडाला नाही, आणि डॉक्टरांच्या संमतीने गोळी बंद झाली. ज्याला आम्ही रोगाचे लक्षण समजत होतो ते अण्णांचे रास्त उत्तर होते. इंग्लंडातील टॉम किटवुड यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच सांगितले आहे की रुग्णाचा पुष्कळसा ऱ्हास मेंदूतून येतो तसा भोवतालच्या माणसांच्या वागण्यातूनही येतो. आम्हांस हे पुस्तक उशिरा कळले. त्याआधी पुठ्ठ्याने शिकविले.

आमच्या स्वतःच्या वागण्याविषयीही लिहिणे प्राप्त आहे. तीस वर्षे चुका दुरुस्त करून पोट भरल्यावर माणसाची जीभ वळण घेते. अण्णांनी वार चुकीचा सांगितला की आम्ही बरोबर वार सांगत असू. नाव चुकले की नाव. इतकेच नव्हे, रोज सकाळी ‘आज तारीख काय? मी कोण?’ अशी परीक्षाच घेत असू, जणू सरावाने गुण वाढतील. अण्णा उत्तर शोधताना आमच्याकडे ज्या नजरेने पाहत, ती नजर आम्ही वर्गात शेकडो मुलांच्या डोळ्यांत पाहिली होती आणि तिचा अर्थ आम्हांस ठाऊक असावयास हवा होता. एकदा तिन्हीसांजेस त्यांनी विचारले, ‘आई कुठे आहे?’ आमच्या आजी १९७१ साली वारल्या. आम्ही तसे स्पष्ट सांगितले. अण्णांना ती बातमी नवी होती. ते मुलासारखे रडले. अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच सत्य, पुन्हा तेच रडणे. असे आम्ही, सांगावयास लाज वाटते, आठवडाभर केले. खोटे कसे बोलावे, हा आमचा प्रामाणिक पेच होता. तो मातोश्रींनी सोडविला. अण्णांनी विचारले की त्या शेजारी बसत आणि म्हणत, ‘आईंच्या हातची भाकरी काय गोड असायची हो! तुम्हांला कशाबरोबर आवडायची?’ अण्णा भाकरीवर, चुलीवर, गोठ्यावर बोलू लागत. यात खोटे काहीच नव्हते. मातोश्रींचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे.

‘दुसरे बालपण’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून आम्हांस खटकू लागला. मूल रोज काही नवे शिकते आणि घर त्याचे कौतुक करते. येथे रोज काही निसटते, आणि निसटले हे प्रारंभी तरी त्या माणसाला कळत असते. शिवाय मुलाला आपण कपडे घालतो ते तो मोठा होणार म्हणून. ऐंशी वर्षांच्या माणसाला परक्या बाईपुढे वस्त्र उतरविताना जी लाज वाटते ती मुलाची नसते.

औषधांविषयी थोडक्यात. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमान्टिन ही औषधे आपल्याकडे मिळतात. काहींना काही काळ त्यांनी बरे वाटते, रोग थांबत नाही. अण्णांना डोनेपेझिलने वर्षभर थोडा तजेला आला, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत. आम्हांस निश्चित सांगता येत नाही. अमायलॉइडची पुटे धुऊन काढणारी लेकानेमॅब (२०२३) आणि डोनानेमॅब (२०२४) ही शिरेतून द्यावयाची औषधे अमेरिकेत मान्य झाली. लेकानेमॅबच्या चाचणीत अठरा महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. ती रोगाच्या आरंभीच्या अवस्थेसाठीच आहेत, मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार तपासण्या लागतात, आणि खर्च मध्यमवर्गीयाने विचारू नये असा. त्यापेक्षा आपल्या हातातले पाहावे. २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने आयुष्यातील चौदा कारणे मोजली, ज्यांना आवर घातला तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू शकतील किंवा लांबतील. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही नावे अपेक्षित होतीच. पण त्यांत कमी ऐकू येणे आहे, मोतीबिंदूसारखे दृष्टीचे उपचार न केलेले दोष आहेत, एकाकीपण आहे, आणि बालपणी शाळा न मिळणे हेही आहे. अण्णांचा उजवा कान साठीपासून कमी होता. यंत्र लावावयास त्यांना संकोच वाटे आणि आम्हीही आग्रह धरला नाही.

या रोगात दोन रुग्ण असतात, आणि दुसऱ्याची नोंद कोणी करीत नाही. आमच्या घरी पहिली पाच वर्षे अण्णांच्या रात्रीच्या फेऱ्यांबरोबर मातोश्री जागत होत्या. गुरुवारचे भजनी मंडळ सुटले, मैत्रिणी येईनाशा झाल्या. त्या कधी तक्रार करीत नसत, म्हणून आम्हांस सर्व ठीक वाटे. २०२१ च्या पावसाळ्यात त्या स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या तेव्हा रक्तदाब मोजला. दोनशेच्या वर होता. स्वतःची गोळी घ्यावयाची त्या महिनोन् महिने विसरत होत्या; अण्णांची एकही चुकली नव्हती. गोमंतकात याच प्रश्नावर एक प्रयोग झालेला आहे, तो कळावा म्हणून लिहितो. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तेथील ८१ कुटुंबे घेतली. निम्म्या घरी सहा महिने गावातील सल्लागार जात. ते डॉक्टर नव्हते, परिचारिका नव्हते. बारावीपर्यंत शिकलेली, कोकणी बोलणारी, थोडे प्रशिक्षण दिलेली साधी माणसे. रोगाची माहिती द्यावयाची, अडचण ऐकावयाची, वाटेल तेव्हा डॉक्टरांशी गाठ घालून द्यावयाची, एवढेच काम. २००८ साली निष्कर्ष आले : सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण लक्षणीय कमी झाला. यासाठी मोठे यंत्र लागले नाही, इमारत लागली नाही. ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी’ ही संस्था केरळात १९९२ साली डॉ. जेकब रॉय यांनी स्थापिली. तिची शाखा हैदराबादेतही आहे. आम्ही तिकडे गेलो ते मातोश्री पडल्यानंतर. आधी गेलो असतो तर बरे झाले असते.

व्यवहाराची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिने आम्हांस फार फिरविले. अण्णांनी आमच्या नावे मुखत्यारपत्र करून दिले होते, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. वकिलांनी सांगितले की १८७२ च्या करार अधिनियमाच्या २०१ व्या कलमानुसार, देणाऱ्याचे चित्त ठिकाणावर राहिले नाही की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवशी तिची गरज पडते त्याच दिवशी ती निरुपयोगी ठरते. निदान झाल्याबरोबर, माणूस समजून सही करू शकतो तोवर, खाते दोघांच्या नावे करावे, वारस नोंदवावे, मृत्युपत्र करावे. आम्ही हे सांगण्यास संकोचलो. अण्णांना दुखवावयाचे नव्हते. परिणामी त्यांच्या औषधांसाठी त्यांचेच पैसे मिळवावयास आम्हांस पाऊण वर्ष खेटे घालावे लागले. आता त्यांच्या खात्यावर अंगठा चालतो. दर वेळी शाई पुसताना ते बोटाकडे कुतूहलाने पाहतात.

दाराला वरच्या बाजूस दुसरी कडी, न्हाणीघरात रात्रभर दिवा, खिशात तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत नाव व दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी, आरशावर पडदा (आरशातला म्हातारा कोण, म्हणून ते घाबरत), इतकी व्यवस्था आमच्या घरी आहे. प्रत्येक घरी वेगळी लागेल.

अण्णा आता नव्वद वर्षांचे आहेत. आम्हांस ते ओळखत नाहीत. मातोश्रींना ‘बाई’ म्हणतात आणि त्यांच्या हातून मात्र जेवतात. गेल्या वर्षापासून दखनीही मावळली. मातोश्री पुन्हा गुरुवारी भजनाला जाऊ लागल्या आहेत, त्यामुळे त्या दिवशी दिवेलागणीस आम्ही अण्णांजवळ बसतो. परवचा चालू असतो. पावकी-निमकी त्यांना अजून येते. आम्ही पहिले पद म्हटले की पुढचे दोन-तीन आकडे त्यांच्या तोंडून बाहेर पडतात, डोळे मिटलेले, मान हलत असते. गेल्या गुरुवारी दिडकीत ते अडखळले आणि चुकीचा आकडा बोलून गेले. आम्ही पुढचा आकडा म्हटला. तेही पुढे गेले. साडेआठला मातोश्री आल्या, तेव्हा आम्ही दोघे पुन्हा पावकीपाशी येऊन पोचलो होतो.